काडतुसाची लांबी

गुरुकुंज मोझरीच्या पंचक्रोशीत कपाशी बोंडावर आली आणि तूर शेंगेत भरू लागली, की रानडुकरांचे कळप आणि रोह्यांची टोळकी इतक्या निर्धास्तपणे शेतांत उतरतात की, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपून भाकर बांधून जागलीला गेलेला शेतकरी रात्रभर डबे वाजवूनही पहाटे बहुधा हताश मनानेच परततो. अशा मुलखात बंदूक ही मिरविण्याची वस्तू नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद नाव घेऊन केलेली आहे. संरक्षणासाठी मागितलेल्या काडतुसी बंदुकीची गुळगुळीत नळी वीस इंचांहून आखूड नसावी, एवढेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यापासून आमच्याकडे तिचा उपयोग मुख्यत्वे हवेत बार काढून जनावर पिटाळण्यापुरता उरला.

वडिलांच्या पश्चात अर्ज, वारसाचे दाखले आणि ठाण्याचा अहवाल यांचे यथासांग सोपस्कार होऊन त्यांची बारा बोअरची विलायती दुनळी माझ्या नावावर चढली, तेव्हा तिच्याबरोबर काडतुसांच्या दोन डब्या माझ्या हाती आल्या. एकीवर ६५ मिलिमीटर असा आकडा होता, दुसरीवर ७०. आणि ७० च्या डबीला वडिलांनी सुतळीची घट्ट गाठ मारून ठेवली होती. नळीत मात्र दोन्ही काडतुसे सारख्याच सहजतेने बसत. बसते ते चालते, असा निष्कर्ष काढण्यास मन धजेना, म्हणून मी बंदूक आणि परवाना घेऊन अमरावतीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी ७० चे एक न उडालेले काडतूस पट्टीवर ठेवले. ते साठ मिलिमीटरही भरले नाही! माझ्या मुद्रेवरचा संभ्रम पाहून ते म्हणाले, “भाऊ, काडतूस भरलेलं असताना नाई, फुटल्यावर मोजाचं.” नंतर त्याच जातीचे एक उडालेले नळकांडे त्यांनी शेजारी ठेवले, ते सत्तरला जवळजवळ टेकले.

छऱ्यांच्या काडतुसाचे तोंड पुडीसारखे आत दुमडलेले असते, आणि डबीवरचा आकडा ते तोंड उलगडल्यानंतरची लांबी सांगतो, हे त्या एका कृतीने मला जसे उमगले तसे कोणत्याही माहितीपत्रकाने उमगले नसते. जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे असते, आणि त्याच्यापुढे नळी निमुळती होत जाते. लांब काडतूस त्या घरात दुमडलेल्या अवस्थेत बिनतक्रार बसते, परंतु बार होताच त्याचे उलगडलेले तोंड त्या निमुळत्या जागेत शिरून छऱ्यांची वाट आवळते, आणि ज्या दाबासाठी ती नळी कधी पारखलेलीच नव्हती तो दाब तिला क्षणार्धात सोसावा लागतो.

मिस्त्रींनी नळ्या उतरवून त्यांच्या बुडाखालच्या सपाट भागावरचे ठसे भिंगातून दाखविले. इंग्लंडात लंडन आणि बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत प्रत्येक नळी अधिक दाबाचा बार देऊन पारखली जाते आणि मगच तिच्यावर मुद्रा उठते. १९२५ च्या नियमांनंतर त्या मुद्रांबरोबर घराची लांबीही इंचांत कोरली जाऊ लागली. आमच्या नळीवर अडीचचा आकडा होता. ठशावर विसंबून न राहता मिस्त्रींनी मापाची सळई आत घालून घर संपते ती कडही तपासली आणि मगच मान हलविली. इतकी खातरजमा करणाऱ्या त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात आजही नितांत आदर आहे.

पिस्तुलाच्या काडतुसात हाच विचार उलट्या दिशेने करावा लागतो, असे ते सांगत होते. तेथे लांबी गोळीच्या टोकापर्यंत मोजतात. परवानगी असलेल्या देशांत नेमबाज आपली काडतुसे पुन्हा भरतात तेव्हा गोळी प्रमाणापेक्षा खोल बसली, तर दारूसाठीची जागा घटते आणि दाब वाढतो, आणि गोळी फार बाहेर राहिली, तर काडतूस घरात नीट बसत नाही. ठासणीची बंदूक वापरणारे आमचे म्हातारे हे आपल्या परीने जाणत होते. त्यांच्या गजावर रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची दुसरी अशा दोन खुणा असत. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आल्यावाचून ते घोड्याला बोट लावीत नसत, कारण दारू आणि छरे यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते वा फुटते.

परवान्यावर बंदुकीचा बोअर आणि क्रमांक नोंदतात, घराची लांबी नोंदत नाहीत. तिच्यासाठी एक रकाना असावा, असे माझे ठाम मत आहे. कारण वारसाहक्काने आलेली जुनी दुनळी हाती घेणाऱ्या तरुणाला दुकानात ‘बारा बोअर’ एवढेच शब्द उच्चारता येतात, आणि पुष्कळदा ७० चीच डबी त्याच्या पुढ्यात येते. माझ्यापुरते मी सुतळी बांधलेली डबी परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घेतली, आणि शेजारच्या गावांतील ज्यांच्याकडे जुन्या विलायती नळ्या आहेत त्यांना त्या मिस्त्रींकडे नेण्याचा क्रम अद्याप चालू ठेवला आहे.