मुलुंडच्या सज्ज्यातील मेथी

लेकीला सातवा महिना लागला आणि घरात डोहाळजेवणाची बोलणी सुरू झाली. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण लेकीची नोकरी मुंबईत, नाव घातलेले घाटकोपरच्या एका दवाखान्यात आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून बजावलेले. तेव्हा लेक माहेरी येत नसेल तर माहेरच तिच्याकडे जाईल, असे आमच्या सौभाग्यवतींनी ठरवून टाकले. २०२३ च्या जुलैत कराडला कोयना एक्सप्रेसमध्ये बसलो. सोबत नाचणीचे पीठ, गूळ, घरचे तूप आणि दहा किलो गांडूळखताची गोणी. डब्यातल्या लोकांनी त्या गोणीकडे बराच वेळ पाहिले. मुंबईला कोणी माती घेऊन जातो का, असा त्यांच्या मनातला प्रश्न मला दिसत होता.

कल्याणला उतरून लोकल धरली. ठाणे मागे टाकले की मुंबईचे पहिले स्टेशन मुलुंड. पश्चिमेला येऊरचे हिरवे डोंगर आणि पूर्वेला मिठागरे नि ठाण्याची खाडी, अशा चिंचोळ्या पट्ट्यात हे उपनगर वसले आहे. लेकीचे घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला हातभर रुंदीचा सज्जा. त्या सज्ज्यात तिने शेती केली होती!

शेती म्हणजे काय, तर फळवाल्याकडून आणलेले सहा रिकामे क्रेट. आत जुने शेडनेट अंथरलेले, त्यावर वाळका पालापाचोळा, रसाच्या दुकानातली उसाची चिपाडे आणि वर वीतभर माती. नुसती माती का भरली नाहीस, असे मी अधिकाऱ्याच्या थाटात विचारले. ती म्हणाली, "आबा, ओल्या मातीचं वजन सज्जाला झेपायचं नाही." बरोबर होते. मुंबईत डॉ. दोशी यांनी चिपाडावर गच्चीतली शेती पूर्वीच करून दाखवली आहे आणि आपल्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हेच घरोघरी पोहोचवले. आपण मात्र चिपाड गुऱ्हाळाच्या चुलवाणाखाली जाळतो आणि खताच्या पोत्यासाठी रांगेत उभे राहतो. असो.

दोन क्रेटमध्ये मेथी, एकात लाल माठ, एकात पुदिना आणि कोथिंबीर, उरलेल्या दोहोंत मिरची नि टोमॅटो. मेथी वीस-पंचवीस दिवसांत खुडायला येते, म्हणून एक क्रेट खुडला की दुसरा पेरायचा. ऊन सकाळचे चार तास, तेवढ्यावर पालेभाजी होते. फळभाजी रडतखडतच. शिवाय जुलैतला मुंबईचा पाऊस. माण-खटावला वर्षभरात पडत नाही एवढा पाऊस या एका महिन्यात कोसळतो. म्हणून क्रेटवर प्लास्टिकचा तिरपा कागद बांधला होता. कुंड्यांखालच्या बशा तिने काढून टाकल्या होत्या. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि हिवताप गरोदर बाईला फार वाईट. महापालिकेचा माणूस घरोघरी अशा बशा तपासत फिरतो. शेजारचे मांजर मातीत घाण करायचे, म्हणून ती हातमोजे घालूनच माती हलवी आणि नंतर साबणाने हात धुई. मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला अपाय करणारा रोग येऊ शकतो. आपल्या खळ्यावरच्या मांजरांनाही हे लागू आहे.

टोमॅटोच्या शेंड्यावर मला पिठ्या ढेकूण दिसला. तीस वर्षांची सवय. मी लगेच म्हटले, "उद्या दुकानातून औषध आणतो, एका फवाऱ्यात साफ."

लेक म्हणाली, "आबा, फवारून मी जाऊ कुठे? या दाराशीच तर झोपते मी."

आमच्या सौभाग्यवती मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी विचारलं नव्हतं."

एवढेच बोलल्या. पण ते कुठे लागले ते मलाच ठाऊक. हीच लेक पोटात होती, १९९६ साली, तेव्हा मी नवा कृषी सहायक. गावोगाव वांग्याच्या प्लॉटवर फवारणीची प्रात्यक्षिके करून दाखवायचो. एंडोसल्फान त्या काळी सर्रास चाले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर बंदी आणली, तोवर ते आपल्या घराघरांत होते. संध्याकाळी घरी आलो की औषधाने भिजलेले कपडे मोरीत टाकायचो आणि पोटुशी बायको ते हाताने धुवायची. पंप स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भाकरीच्या टोपलीपासून दोन हातांवर. लेक जन्मली ती एक किलो नऊशे ग्रॅमची. कारण तेच होते, असे मी म्हणणार नाही. अंगात रक्त कमी होते, आठव्या महिन्यापर्यंत भांगलण चालू होती. पण शेतकऱ्यांना लेबल वाचायला शिकवणाऱ्या माणसाने आपल्या घरात ते वाचून दाखवले नव्हते, हे खरे.

दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्यात फडके बुडवून मी एकेक पान पुसून काढले. तासभर लागला. ढेकूण गेला.

तिसऱ्या दिवशी तपासणीसाठी घाटकोपरला निघालो. नाहूर, भांडूप, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी स्टेशने जात होती आणि मी खिडकीतून रुळांकडेच्या जमिनी बघत होतो. रेल्वेने आपल्या रिकाम्या जागा कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी द्यायची पद्धत अनेक वर्षे चालवली. पालक, माठ, मुळा, भेंडी यांचे हिरवेगार वाफे प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले. दिसायला सुंदर. पण पुष्कळ ठिकाणी पाणी जवळच्या नाल्याचे. पुढे तक्रारी झाल्या आणि रेल्वेने ही शेती बंद करण्याचे ठरवले. बरेच वाफे आता दिसत नाहीत. नाल्याच्या पाण्यातले शिसे, कॅडमियम पालेभाजी मुळांवाटे घेते. धुतल्याने वरची धूळ नि जंतू जातील, पानात मुरलेले शिसे जात नाही. ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचते. शहराजवळच्या ओढ्याला मोटर लावून भाजी करणाऱ्यांनी यावर थोडे थांबावे. आपला पालक कोणाच्या तरी पोटुशी लेकीच्या ताटात जातो.

दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेनऊ. गरोदरपणी अकराच्या खाली असले की पांडुरोग धरतात. मी चक्रावलो. रोज मेथी-माठ खाणारी पोर! नर्सबाईंनी दोन प्रश्नांत उलगडा केला. लोहाची गोळी कधी घेतेस? चहाबरोबर. आणि कॅल्शियमची? त्याच वेळी. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाला अंगी लागू देत नाहीत. शिवाय शौचाला काळे होते म्हणून मधले पंधरा दिवस गोळी बंदच. काळे होणे हे काही बिघडल्याचे लक्षण नव्हे, असे त्यांनी समजावले. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यायची असते. मेथीने तेवढे लोह भरून निघत नाही. मेथी हवी, लिंबू पिळून हवी, पण गोळीच्या जागी नव्हे. गावात हीच गोळी आशाताई फुकट आणून देतात आणि ती फडताळात पडून राहते. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायांना पांडुरोग आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले.

परतताना मुलुंड स्टेशनाबाहेर आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. बोरिवलीलाही त्या बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी आणि शेवटची राहिलेली शेवळी. सौभाग्यवतींनी शेवळ्याला हात लावताच विकणारी म्हातारी म्हणाली, "पोटुशीसाठी हाय का? मग ते राहू दे, खाजरं असतंय. टाकळा ने, कवळा हाय." पैसे जास्त मिळणारी भाजी तिने स्वतः होऊन बाजूला सारली. आमच्या खात्यात असा सल्लागार मिळाला तर बरे होईल.

रविवारी डोहाळजेवण झाले. बागेतला झोपाळा मुंबईत कोठून आणणार? सज्ज्याच्या दारात पाट मांडला, मागे क्रेट रचले, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. शेजारच्या गुजराती, तमिळ, कोकणी बायांनी ओटी भरली. एकीने तर पदार्थांबरोबर कढीपत्त्याचे रोप आणले. काय खावेसे वाटते असे विचारल्यावर लेक म्हणाली, "ज्वारीची भाकरी आणि याच क्रेटमधली मेथी." सौभाग्यवतींनी तव्यावर भाकरी टाकली आणि मी कात्रीने मेथी कापून दिली. कापलेल्या क्रेटमध्ये लगेच पुन्हा बी टाकले. गांडूळखताची गोणी तेव्हा कामाला आली.

गोळी दुपारी, लिंबाच्या सरबताबरोबर, चहा तासाभराने नि कॅल्शियम रात्री, असे बांधून दिले. ऑगस्टअखेर रक्त साडेदहावर आले. सप्टेंबरात नातीचा जन्म झाला. वजन दोन किलो आठशे ग्रॅम.

गावी आल्यावर मी पंप आणि औषधांच्या बाटल्या घरातून काढून गोठ्यापलीकडच्या खोलीत नेल्या आणि कुलूप घातले. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत मी स्वतः धुतो. पहिल्या दिवशी सौभाग्यवती दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "दोनदा खळबळून काढा, वास राहिलाय अजून."