किंग्ज क्रॉसची रोझलीन

दारावर पाटी होती: भुताखेतांच्या, चेटकिणींच्या घरात तुमचं स्वागत असो. सिडनीच्या किंग्ज क्रॉस वस्तीतल्या त्या भाड्याच्या घरात चित्रकार रोझलीन नॉर्टन राहायची. आत शिंगं असलेल्या पॅन या ग्रीक देवाचं भलंमोठं चित्र आणि त्यासमोर वेदी. कवी, खलाशी, वेश्या, युरोपातून आलेले निर्वासित, सगळ्यांना सामावून घेणारी ती वस्ती. रोझलीन तिथल्या कॅफेंमध्ये बसून स्वतःची चित्रं विकायची. वर्तमानपत्रांनी तिला 'चेटकीण' करून टाकलं, आणि हळूहळू लोक चित्रांपेक्षा तिलाच बघायला येऊ लागले.

मला तिच्याबद्दल ओढ वाटते ती तिच्या श्रद्धेमुळे. पॅन तिच्या लेखी खराखुरा देव होता. १९४०च्या सुमाराला ती स्वतःला संमोहित करून तंद्रीत जायची आणि तिथे जे दिसलं ते कागदावर उतरवायची. अंगात येणं ज्यांनी घरादारात पाहिलंय, त्या आपल्यासारख्यांना यात हसण्यासारखं काय आहे? तिच्या देशाला मात्र त्यात फक्त अश्लीलता दिसली.

१९४९ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या प्रदर्शनातून पोलिसांनी चार चित्रं उचलली. त्यावरून झालेल्या खटल्यात ती सुटली. १९५२ मध्ये तिच्या चित्रांचं आणि गॅव्हिन ग्रीनलीझच्या कवितांचं पुस्तक निघालं, तेव्हा प्रकाशक वॉल्टर ग्लोव्हरला दंड झाला आणि दोन चित्रांवर काळं फासावं लागलं.

तेच पुस्तक सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर युजीन गूसेन्स यांच्या हाती पडलं. त्यांनी तिला पत्र लिहिलं, ओळख वाढली, आणि ते तिच्या विधींमध्ये सामील होऊ लागले. मार्च १९५६ मध्ये परदेशातून परतताना कस्टमने त्यांच्या सामानातून अश्लील ठरवलेले फोटो आणि मुखवटे काढले. शंभर पौंड दंड झाला, नोकरी गेली, अब्रू गेली. सिडनीला ऑपेरा हाउस हवं म्हणून ज्या माणसाने जिवाचं रान केलं, त्याला देश सोडावा लागला. हे मला अक्षम्य वाटतं.

रोझलीन मात्र क्रॉसमध्येच राहिली. ५ डिसेंबर १९७९ला, कर्करोगाने, डार्लिंगहर्स्टच्या कॅथलिक शुश्रूषागृहात ती गेली. अंतर्बाह्य ख्रिस्ती असलेल्या त्या जागीही तिने पॅनला सोडलं नाही.

तिची चित्रं कुठे बघायला मिळाली तर 'चेटकीण' हा शब्द बाजूला ठेवून बघा. रेषेवर तिची हुकमत होती.