घरातले चार कॅमेरे

आमच्या घरात चार डिजिटल कॅमेरे आहेत आणि चारही वापरात आहेत. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. प्रत्येकाच्या खिशात फोन असताना एवढे कॅमेरे सांभाळायचे कशाला, असं ते विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. फोन ज्याचा त्याचा असतो, कॅमेरा घराचा असतो. फोनला कुलूप असतं आणि त्यातले फोटो मालकापाशीच राहतात. कॅमेरा फडताळात असतो. ज्याला वाटेल त्यानं उचलावा, फोटो काढावा, परत जागेवर ठेवावा.

सगळ्यात जुना कॅननचा पॉवरशॉट ए७०. २००३ सालचं मॉडेल, ३.२ मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेलवर चालणारा. थोरली लेक झाली तेव्हा तो घेतला. पुढे मी निकॉनचा डी४० घेतला, तेव्हा कॅनन कुणाला तरी देऊन टाकायचं चाललं होतं. आई म्हणाली, “बाबू, तो मला दे. त्याचे सेल मला घालता येतात.” तेव्हापासून तो राजापूरजवळ आमच्या गावच्या घरी, आईच्या ताब्यात आहे. त्याला डोळा लावून बघायची खिडकी आहे. पडद्यावर बघून फोटो काढणं आईला कधीच आवडलं नाही. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही हे तिचं म्हणणं खरंच आहे. आणि रोलच्या काळातली छत्तीस फोटोंची सवय तिच्या बोटात आहे. ती एका गोष्टीचा एकच फोटो काढते.

आईचे फोटो मला फार मोलाचे वाटतात. ती बहुतेक वेळ पडवीत पाटावर बसलेली असते, त्यामुळे तिच्या फोटोत माणसं खालून दिसतात. आधी पाय, मग हातातली वस्तू, मग चेहरा. पाण्याची घागर घेऊन चाललेली जाऊ, सायकलची चेन बसवणारा पुतण्या, भाताच्या पिशव्या उतरवून घेणारा गडी. एरवी यांच्याकडे कॅमेरा कुणी वळवला नसता. आम्ही बाकीचे सणाचे फोटो काढतो, आई सणाच्या आदल्या दिवसाचे काढते. तीन मेगापिक्सेलनं काय होतं असं हल्ली वाटतं, पण त्या फोटोची लांबी-रुंदी २०४८ बाय १५३६ ठिपके असते. चार बाय सहा इंचांची स्वच्छ प्रिंट त्यातून सहज निघते.

माझा डी४० सहा मेगापिक्सेलचा. २००६च्या अखेरीस ते मॉडेल आलं. कॅमेऱ्यात फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते, म्हणून जुन्या लेन्स त्याला लावल्या तर फोकस हातानं करावा लागतो. पुढे २००९ मध्ये निकॉननं ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स काढली, तिच्यात मोटर आहे. ती घेतली आणि गणपतीतले माझे फोटोच बदलले. गावच्या घराचं माजघर दिवसासुद्धा अंधारं. आरतीला आम्ही दिवे मालवतो, उजेड काय तो समया आणि निरांजनांचा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या झूम लेन्सचं छिद्र ३५ मिलिमीटरवर एफ ४.५च्या आसपास असतं. एफ १.८ला त्याच्या सुमारे सहापट उजेड आत येतो. आयएसओ १६०० ठेवला की फ्लॅशशिवाय काम होतं. फ्लॅश मारला की मागची माटवी, तिला टांगलेली कवंडळं, सगळं एकदम सपाट आणि पांढरं होतं. समईच्या उजेडात काकांच्या कपाळावरचा घामसुद्धा सोनेरी दिसतो. थोडे दाणे येतात फोटोत. येऊ देत.

बायकोचा कॅमेरा फुजीफिल्मचा एक्स१००टी, जुन्या बाजारातून घेतलेला. त्याला झूम नाही आणि लेन्स बदलता येत नाही. शटर लेन्सच्या आतच असल्यामुळे आवाज जवळजवळ होत नाही. ती तो घेऊन स्वयंपाकघरात बसते, सारण ढवळता ढवळता मध्येच उचलते. मी डी४० घेऊन आत गेलो की सगळ्या जणी पदर सारखा करून रांगेत उभ्या राहतात. हिच्यासमोर कुणी उभं राहत नाही, खोवणीवरचा नारळ थांबत नाही. एक फोटो आहे, त्यात धाकट्या काकू मोदकाची पारी हातावर फिरवत बोलतायत. अंगठे पिठाच्या आत, बाकीची बोटं बाहेरून, आणि पारी इतकी पातळ की खालची त्वचा दिसते. असा फोटो लांबून झूम करून मिळत नसतो, त्यासाठी मोदक करणाऱ्यांपैकीच एक असावं लागतं. त्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट आहे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. शटर फार वेगात ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा पिवळट असं होतं. ती शटर १/१०० वर ठेवते आणि तो प्रश्न मिटतो.

चौथा कॅमेरा मुलींचा, ऑलिंपसचा टफ टीजी-४. पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो आणि एक सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. आंबोळगडच्या किनाऱ्यावरून आल्यावर तो गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा आणि झाकणाच्या रबरावर वाळूचा कण किंवा केस अडकलेला नाही हे बघायचं, एवढंच काम. जांभ्याच्या गडग्यावरचं शेवाळ, खेकड्याचे डोळे, आजीच्या हातावरचं गोंदण हे सगळं धाकटीनं त्याच्यातून आणलंय. विसर्जनाला पाऊस हमखास असतो. तेव्हा बाकीचे तीन घरी आणि हा एकटा व्हाळावर.

चार कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावायचे तर चौघांचं घड्याळ एक असावं लागतं. गणपती बसायच्या आदल्या रात्री मी फोनमधल्या घड्याळाबरोबर चारही कॅमेऱ्यांची वेळ मिनिटाला मिळवतो. सेल काढून बराच काळ पडलेला कॅमेरा कधी कधी आपल्या मूळ तारखेला जातो, आणि मग विसर्जन प्रतिष्ठापनेच्या आधी होऊन बसतं. नावांचीही तऱ्हा वेगळी. कॅनन ‘आयएमजी’ म्हणतो, निकॉन ‘डीएससी’, फुजी ‘डीएससीएफ’. ऑलिंपसच्या नावात महिना आणि तारीख असते. मी सगळ्यांना वर्ष-महिना-दिवस-वेळ असं एकच नाव देतो आणि शेवटी फोटो कुणी काढला त्याचं अक्षर जोडतो. आईसाठी ‘आ’. हे अक्षर मला महत्त्वाचं वाटतं. पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला फोटोतली माणसं कदाचित कळतील, काढणारं माणूस कळायला दुसरी वाट नाही.

मग एकाच आरतीचे चार फोटो शेजारी शेजारी येतात. माझ्यात उजळलेले चेहरे. बायकोच्या फोटोत टाळ वाजवता वाजवता एकमेकींकडे बघून हसणाऱ्या दोघी. धाकटीच्या फोटोत वाटीतली खिरापत, तिच्यावर चढायला निघालेली एक मुंगी. आईच्या फोटोत सगळ्यांच्या पाठी, आणि दाराशी झोपी गेलेला भाच्याचा मुलगा. या तिघींच्या फोटोंत मीही आहे. घरात एकच कॅमेरा होता त्या वर्षांतल्या फोटोंत मी जवळपास नाहीच. थोरलीच्या बारशाला मी होतो याचा फोटोतला पुरावा म्हणजे आरशातली माझी कोपरं.

प्रिंट काढताना एक काळजी घ्यावी लागते. निकॉन आणि फुजीची चौकट तीनास दोन, ती चार बाय सहाच्या कागदावर तंतोतंत बसते. कॅनन आणि ऑलिंपसची चौकट चारास तीन, म्हणजे कागद पूर्ण भरायचा तर लांब बाजूला पट्टी कापली जाते. स्टुडिओत न सांगता दिलं तर मशीन कापतंच. आईच्या फोटोत नेमके पाय जातात, आणि पाय गेले तर तिच्या फोटोत राहिलं काय? म्हणून तिचे फोटो मी कडेला पांढरी पट्टी सोडून पूर्ण छापायला सांगतो.

कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि एकदा काच खाल्ली की डाग जात नाही. कातडी पिशवी सगळ्यात वाईट, ती ओल धरून ठेवते. आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवलाय. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर कढईत परतून घ्यायचे. ती कढई वेगळी, जेवणाची नव्हे. आईच्या कॅमेऱ्यासाठी डबा गावीच आहे. पण ती तो डब्यात कमी आणि हाताशी जास्त ठेवते. कॅमेरा रोज वापरात असला, त्याला हवा-उजेड लागला, की बुरशी धरायची शक्यता कमी, हे मला पटतं, म्हणून मी तिला टोकत नाही.

आता अडचण आहे ती कार्डांची. ए७०ला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागतं, ते नेहमीच्या दुकानात मिळेनासं झालंय, आणि नव्या लॅपटॉपला त्याची खाच नाही. मी दोन जुनी कार्डं आणि एक रीडर शोधून ठेवलाय. चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलांचा नवा संच घेतलाय. येत्या चतुर्थीला जाताना तो आईकडे पोचवायचा आहे. तिनं फोनवर आठवण करून दिलीच आहे, कारण पडवीसमोरच्या आंब्यावर कसलंसं घरटं झालंय आणि सेल अर्ध्यावर आलेत.