लाल बावटा आणि सातारा

डाव्या पक्षाचा नेता लोकसभा जिंकेल का? आज साताऱ्यात कुणी हा प्रश्न हसण्यावारी नेईल. पण १९५७ साली याच साताऱ्याने येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट म्हणून दिल्लीला धाडलं. ती मतं मार्क्सला थोडीच होती? नानांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारची पुण्याई होती, वर संयुक्त महाराष्ट्र चळवळीची लाट. १९६२ मध्ये लाट ओसरली आणि काँग्रेसचे किसन वीर आले. तेही प्रतिसरकारच्याच मुशीतले. म्हणजे सगळं लाटेवरच? तसं म्हणावं, तर १९६७ साली नाना दूरच्या बीडमधून पुन्हा निवडून आले. माणूस आपला वाटला, की लोक बावट्याचा रंग बघत नाहीत. आज साताऱ्यात ऊसदराचा प्रश्न आहे, पाणी आहे, कर्ज आहे. नाना तेवढे नाहीत.