उतरत्या वयातले बिऱ्हाड

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीने मराठी माणसाच्या कित्येक पिढ्यांना कर्जात घातले, तरी तिच्याविरुद्ध कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. स्वतःच्या घरात राहतो तो घरवाला आणि भाड्याने राहतो तो बिऱ्हाडकरू. या दुसऱ्या शब्दाला आपल्या समाजात नेहमीच थोडी कमीपणाची छटा राहिली आहे. बदल्यांच्या नोकरीत गावोगाव बिऱ्हाड हलविणारा मनुष्यही निवृत्तीच्या दिवशी म्हणतो, ‘आता तरी हक्काचे छप्पर हवे.’ अशा समाजात, साठी उलटल्यावर वृद्धांसाठी बांधलेल्या वसाहतीत जावयाचे झाल्यास घर विकत न घेता भाड्याने घ्यावे, असे कोणी सुचविले तर ऐकणारा चमकणारच. आम्ही मात्र बऱ्याच विचारान्ती याच मताला आलो आहोत. ते मत, आणि त्याविरुद्ध जे खरे आहे तेही, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आमची परिस्थिती सांगावयास हवी. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी आमचे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून होणाऱ्या गोटमारीमुळे हे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, परंतु आमच्या वडिलांनी बांधलेले घर आणि त्यामागची संत्र्याची बाग जागच्या जागी राहिली. आमच्या निवृत्तीस आता चार वर्षे उरली आहेत. चिरंजीव पुण्यात नोकरीस असतात, कन्या बंगलोरला. सौभाग्यवतींचे गुडघे माजघराचा उंबरठा ओलांडतानाही कुरकुर करू लागले आहेत. ‘बाबा, घर आणि बाग विका, पुण्यात ज्येष्ठांच्या वसाहतीत चांगली सदनिका घ्या, म्हणजे आम्ही अर्ध्या तासात येऊ शकू,’ असा चिरंजीवांचा आग्रह आहे. त्या आग्रहामागील प्रेमाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही.

या वसाहती म्हणजे वृद्धाश्रम नव्हेत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९९५ च्या सुमारास मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, ती निराधार वा एकाकी वृद्धांच्या सोयीसाठी होती. पुण्यात ‘अथश्री’ नावाने उभ्या राहिलेल्या वसाहती, राजस्थानातील भिवाडीची किंवा तामिळनाडूतील कोइम्बतूरची अशी गृहसंकुले यांची कल्पना निराळी आहे. येथे प्रत्येकाचे घर स्वतंत्र असते. मात्र खानावळ, लिफ्ट, न्हाणीघरात धरावयाच्या दांड्या, रात्री-बेरात्री मदतीस बोलावण्याची घंटा, या सोयी सर्वांसाठी असतात. मनुष्य येथे घरासाठी जात नाही, सोबतीसाठी आणि सेवेसाठी जातो. आमच्या सगळ्या विचाराचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक होती. पूर्वी संसार मुलांच्या हाती सोपवून काशीवासाला जाणारी जोडपी असत. ती तेथे एखाद्या वाड्यात खोली घेऊन नाहीतर धर्मशाळेच्या आश्रयाने राहत. काशीत घर विकत घेण्यासाठी गावचा वाडा विकला, असे सहसा घडत नसे. घर वंशासाठी असे. उरलेल्या दिवसांसाठी बिऱ्हाड पुरे होते.

आता विकत घेतल्याने हाती काय येते ते पाहू. अशा वसाहतींत राहणाऱ्याच्या वयाची अट बहुधा असते. म्हणजे आपल्या पश्चात तिशी-चाळिशीतील मुलाला ते घर मिळाले, तरी त्याला तेथे राहता येईलच असे नाही. त्याने ते विकावयाचे तर गिऱ्हाईकही वयस्कच शोधावे लागते, आणि तोवर रिकाम्या घराचा देखभालखर्च सुरूच राहतो. इंग्लंडात अशा घरांच्या विक्रीच्या वेळी आकारल्या जाणाऱ्या शुल्कांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की, तेथील विधी आयोगाला २०१७ साली त्यावर स्वतंत्र अहवाल द्यावा लागला. दुसरे असे की, वार्धक्याची गरज दर चार-पाच वर्षांनी पालटते. आज दोघे चालते-फिरते असतात, उद्या एकाला परिचारिका लागते, परवा एकच मागे उरतो. विकत घेतलेले घर या पावलांबरोबर चालत नाही.

थोडा हिशोबही मांडू. समजा, घराची किंमत ६० लाख आहे. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क धरले तर ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार आरंभीच जातात. तेच ६० लाख पती-पत्नींनी प्रत्येकी ३० लाखांप्रमाणे टपालखात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेविले, तर ८.२ टक्के या २०२३ साली ठरलेल्या दराने वर्षाला ४ लाख ९२ हजार, म्हणजे महिन्याला ४१ हजार व्याज होते. घरभाडे २२ हजार असेल तर जेवणखाणासाठी व सेवाशुल्कासाठी १९ हजार उरतात आणि मुद्दल शाबूत राहते. परंतु हिशोब येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्याज करपात्र असते, आणि ते वाढत नाही, भाडे वाढते. दरसाल ७ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत ते जवळजवळ दुप्पट होऊन सगळे व्याज गिळून टाकील. तेव्हा भाड्याने राहणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच काही रक्कम बाजूस टाकीत गेले पाहिजे.

पैशाहून मोठी अडचण आहे ती स्थैर्याची. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता पुण्याजवळची एक वसाहत पाहून आलो. तेथे मूळच्या इंदूरच्या, शहात्तर वर्षांच्या एक बाई भेटल्या. पती निवर्तल्यावर त्या तेथे भाड्याने राहू लागल्या. घरमालक परदेशी, त्यांनी घर विकावयास काढले आणि बाईंना करार संपताच दुसऱ्या इमारतीत जावे लागले. ‘सामान मुलांनी हलवलं हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण खिडकीतला कडुनिंब कसा हलवणार? रात्री उठले की अजून जुन्याच घरासारखी उजवीकडे वळते, आणि भिंत लागते.’ परतीच्या गाडीत सौ. बराच वेळ गप्प होत्या. नागपूर मागे पडल्यावर एवढेच म्हणाल्या, “विकत नको हे पटलं. पण मला कोणी ऊठ म्हणता कामा नये.”

हे वाक्य आम्ही लिहून ठेविले आहे, कारण भाड्याच्या पक्षातील खरी उणीव तेच दाखविते. तिच्यावर उपाय करारातच शोधावा लागतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. लीव्ह अ‍ॅण्ड लायसन्सच्या करारात मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट आकार घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणून अकरा महिन्यांच्या छापील कागदावर सही न करता निदान तीन वर्षांची मुदत मागावी. करारात पती-पत्नी दोघांचीही नावे असावीत, म्हणजे एकाच्या मागे दुसऱ्याचा हक्क लोंबकळत राहत नाही. भाडेवाढीचा दर, घर सोडण्यास सांगावयाची पूर्वसूचना, अनामत परत मिळण्याची मुदत आणि अंथरूण धरल्यास परिचारिका ठेवण्याची मोकळीक, हे सारे शब्दांत लिहून घ्यावे. शक्य तर दूरच्या घरमालकापेक्षा वसाहत चालविणाऱ्या संस्थेकडूनच घर घ्यावे. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाने २०२४ च्या मे महिन्यात ज्येष्ठांच्या घरांसाठी नियम घातले. चाकाची खुर्ची सहज जाईल अशी लिफ्ट, ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, न घसरणारी फरशी, अशा गोष्टी त्यांत आहेत; परंतु ते नियम विक्रीच्या करारासाठी आहेत. भाडेकरूने फूटपट्टी घेऊन दार स्वतःच मोजावे. सोसायटीच्या सभेत त्याला मत नसते, हेही आधीच समजून असावे.

आमचे ठरले आहे ते असे. निवृत्तीनंतर पहिले वर्ष वसाहतीत भाड्याने काढावयाचे, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही तेथे पाहावयाचे. मन रमले, खानावळीतले वरण सौ. च्या घशाखाली उतरले, तर तीन वर्षांचा करार करावयाचा. भाडे निवृत्तिवेतनातून निघेल. बागेचा आंबिया बहार व्यापाऱ्याला विकून जे येईल ते पुढल्या भाडेवाढीसाठी बाजूस राहील. सावरगावचे घर विकावयाचे नाही. नागपूर-इटारसी मार्गावर पांढुर्ण्याला गाडी थांबते, पोळ्याला आम्ही येऊ. चिरंजीवांना हे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले, ‘तुमचे म्हणणे कळले. पण घराच्या चाव्यांचा एक जोड माझ्याकडे द्या.’ तो आम्ही आनंदाने देणार आहोत. सौ. ना मात्र कोणी ऊठ म्हणालेच, तर जाऊन बसावयास आपला स्वतःचा ओटा आहे, एवढ्या भरवशावर त्यांनी पुण्याला होकार दिला आहे.