जुन्या इंजिनाची ओळख

जुनी वस्तु आणि भंगार यांत भेद कोणता, असें कोणीं विचारल्यास आमचें उत्तर एकच : जिची ओळख सांगतां येते ती जुनी वस्तु, आणि जिची ओळख कोणासच सांगतां येत नाहीं तें भंगार. भंगाराचा भाव वजनावर ठरतो. ओळख पटलेल्या वस्तूपुढें मात्र तराजू मांडण्यापूर्वीं मनुष्य क्षणभर थांबतो. हें थांबणें किती मोलाचें असतें, हें गेल्या वर्षीं आमच्या घरांत दिसून आलें.

पंचगंगेकांठीं आमची थोडी शेती आहे. तेथील इंजिनघरांत एक ऑइल इंजिन कित्येक वर्षें पडून होतें. विजेच्या मोटारी येण्यापूर्वीं या भागांतील पुष्कळसा ऊंस अशाच इंजिनांनीं उपसलेल्या पाण्यावर पोसला गेला. पुढें वीज आली, आणि इंजिनाचा ठोका बंद पडला. २०१९ व २०२१ च्या महापुरांत तें दोन्ही वेळां पाण्याखालीं गेलें. आमच्या पुतण्यास ती जागा ठिबकाच्या साहित्यासाठीं हवी होती, आणि भंगारवाल्यानें देऊं केलेली रक्कम त्याच खर्चास लावावी असा त्याचा विचार होता. "काका, याच्यावर पट्टीसुद्धां नाहीं. हें कोणत्या कंपनीचें, एवढें तरी कोणाला सांगतां येतें का?" असें तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. आम्हीं एक महिन्याची मुदत मागून घेतली.

संस्कृत पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव, शक इत्यादि मजकूर तींत सांपडतो. इंजिनाची पितळी पट्टी म्हणजे त्याची पुष्पिकाच. परंतु शेवटचें पान हरवलें म्हणून पोथी कोणी टाकून देत नाहीं; अक्षराचें वळण, कागद आणि पाठभेद पाहून तिचा काळ व देश ठरवितात. तीच रीत आम्हीं येथें लाविली. आमचा एक जुना विद्यार्थी उद्यमनगरांत मिस्त्री आहे, तो मदतीस आला.

पहिली परीक्षा बांध्याची. सिलिंडर आडवें कीं उभें? सुरू करण्यापूर्वीं माथ्यावरील गोळा दिव्यानें तापवावा लागे, कीं थंड स्थितींतच हँडल मारून इंजिन चालूं होई? आमचें उभें, एका सिलिंडरचें, थंड सुरू होणारें आणि दोन बाजूंस आऱ्यांचीं दोन जड चाकें असलेलें. मिस्त्रीनें पाहतांक्षणीं "लिस्टर नमुना" असें सांगितलें. इंग्लंडांतील डर्स्ले येथें लिस्टर कंपनीनें हा नमुना १९३० च्या सुमारास बाजारांत आणला. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराची शक्ति मिनिटास ६५० फेऱ्यांत ६ अश्वशक्ति इतकी, म्हणजे चाल संथ. म्हणूनच अशीं इंजिनें पिढ्यान्‌पिढ्या टिकलीं. राजकोटास त्याच्या नकला पुष्कळ झाल्या. दुसरी परीक्षा माथ्याची. मूळ लिस्टरच्या जुन्या इंजिनांत दाब कमीजास्त करण्याचें एक लहान हातचक्र असे. बऱ्याच नकलांत तें आढळत नाहीं. आमच्या इंजिनास तें नव्हतें. तिसरी परीक्षा बोल्टांची व ओतकामाची. त्यांवरूनहि मिस्त्रीनें तोच निर्णय दिला. इंजिन विलायती नव्हे, देशी नक्कल होती.

राहिला पंप. इंजिन एका कारखान्याचें आणि पंप दुसऱ्याचा, ही आपल्याकडील नेहमींची गोष्ट. म्हणून दोहोंची ओळख वेगवेगळी पटवावी लागते. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. पुराच्या वेळीं होडीच्या पाठीस मोटार लावलेल्या बोटी सर्वांनीं पाहिल्या. अशी मोटार ओले एव्हिनरूड यानें अमेरिकेंत १९०९ पासून विकावयास काढली. तिचा पंखा होडीच्या तळाखालीं उघडा फिरतो, आणि उथळ पाण्यांत खडकावर आपटतो. १९५४ मध्यें न्यूझीलंडांत हॅमिल्टन यांनीं तेथील उथळ नद्यांसाठीं जलधारेच्या जोरावर चालणारी बोट सिद्ध केली. पुढें पाठीवरच्या मोटारींसहि तशी जोड मिळाली. ही जोड म्हणजे वस्तुतः आपला शेतांतला पंपच : पाणी ओढून घ्यावें आणि मागें जोरानें फेंकावें, म्हणजे होडी पुढें जाते. तेथेंहि मोटार एकाची आणि जोड बहुधा दुसऱ्याची. शिवाय या जोडींत सुमारें तीस टक्के शक्ति खर्ची पडते, म्हणून वरच्या आंकड्यावरून खालची शक्ति समजत नाहीं. अशा जुन्या मोटारी जमविणारे लोक अमेरिकेंत आहेत, आणि त्यांस दोन्ही भाग निरनिराळे ओळखावे लागतात.

आमच्या पंपावर रंगाचे थर होते. तारेचा ब्रश लावूं न देतां आम्हीं तो रॉकेलच्या बोळ्यानें हलके पुसला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. कारखान्याचें नांव झिजून गेलें होतें. ‘कोल्हापूर’ हीं अक्षरें मात्र कागदावर उमटलीं.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे नक्कलच ना, काका? मग ठेवायची कशाला?" आम्हीं त्यास विचारलें, कालिदासाच्या हातची एक तरी पोथी आज आहे काय? आपल्यापाशीं आहे तें सर्व नकलाकारांचें. नक्कल करणाऱ्यानें जेथें आपल्या गांवचें वळण मिसळलें, तेथेंच त्या गांवचा इतिहास राहिला. जुनें बीड येथल्या भट्ट्यांत वितळतें, त्यांतून नवें काम निघतें, हें योग्यच आहे. परंतु जीं हातें पूर्वीं येथें ओतकाम करून गेलीं, त्यांचें अक्षर एखाद्या तरी पंपावर उरावें, एवढेंच आमचें म्हणणें.

वाद वाढण्यापूर्वींच थोरल्या वहिनींनीं निकाल दिला : "इंजिनघर पोराला द्या. इंजिन पडवींत आणा, पडवीवर माझी सत्ता आहे." भंगाराची रक्कम आम्हीं आपल्या निवृत्तिवेतनांतून पुतण्यास दिली, ती लहान नव्हती, आणि त्या वर्षीं आमची काशीयात्रा राहिली. याबद्दल खंत वाटत नाहीं.

ज्यांच्या परसांत असें कांहीं पडून असेल त्यांस इतकेंच सुचवावेंसें वाटतें. विकावें कीं ठेवावें हें ज्याच्या त्याच्या गरजेवर आहे; परंतु तराजू येण्यापूर्वीं अक्षरांचा ठसा घ्यावा, कोरलेला क्रमांक वहींत उतरावा, चार बाजूंनीं छायाचित्रें काढावीं, अडकलेला दट्ट्या हातोड्यानें न ठोकतां तेलांत मुरूं द्यावा, आणि गांवांत एखादा वृद्ध मिस्त्री असेल तर त्यास आवर्जून बोलवावें. लोखंड पुनः ओततां येतें. त्या मिस्त्रीच्या स्मरणांतील ज्ञान मात्र त्याच्या मागें कोठेंहि सांपडत नाहीं.