मुंगीची धाव

डाव्या बगलेवर खेळणाऱ्या मारिओ झागालो यांना ब्राझीलमध्ये ‘छोटी मुंगी’ म्हणत. चेंडू हातचा गेला की ते तसेच मागे धावत व बचावफळीच्या मदतीला येत. १९५८ आणि १९६२ चे विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत ते होते. १९७० मध्ये प्रशिक्षक झाले, तेव्हा पेले, टोस्टाव, रिव्हेलिनो हे एकाच जागेवर हक्क सांगतील असे खेळाडू त्यांच्यापुढे होते. त्यांनी कोणालाच वगळले नाही. रिव्हेलिनोला तर डावीकडे, स्वतःच्याच जुन्या जागी धाडले. अंतिम सामन्यात इटली ४-१ हरली. खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी चषक जिंकणारे ते पहिलेच. (धर्मग्रामाचा गायकवृंद सांभाळणाऱ्यास हे कसब विशेष कळावे!)

पत्नीच्या संत अंतोनीवरील भक्तीमुळे, सण १३ जूनला म्हणून, त्यांना तेरा हा आकडा प्रिय. १९९८ चा अंतिम सामना आम्ही दूरदर्शन संचासमोर जागून पाहिला, तेव्हा आपल्याकडे १३ जुलै लागला होता. त्या दुपारी रोनाल्डोला झटका आला होता. झागालोंनी त्याला वगळले. पण तपासणीत काही आढळले नाही आणि तो खेळण्याचा हट्ट धरून परतला, तेव्हा पुन्हा घेतले. ब्राझील ३-० हरले. पुष्कळांनी झागालोंना दोष दिला. आम्हांला तो देववत नाही. एकवीस वर्षांचा तो मुलगा समोर उभा राहून मैदान मागत होता.